दोन चालकांची एक गाडी

मध्यमवर्गीय घरात छोटी गाडी घ्यायचा विषय निघाला की हिशेब एकाच माणसाचा मांडला जातो. ऑफिस किती लांब, ॲव्हरेज किती, हप्ता किती बसेल, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल का. पण गाडी एकदा घरात आली की दहा-बारा वर्षं राहते आणि तेवढ्या काळात घरातलं शाळकरी पोर कॉलेजात पोचतं. गाडी आणली तेव्हा सातवीत असलेली मुलगी, गाडी सहा वर्षांची होते तेव्हा ती चालवायला कायद्यानं मोकळी झालेली असते. शोरूममध्ये सही करताना कुणाच्या ध्यानात येत नाही, पण ती गाडी दोन चालकांसाठी घेतलेली असते. एकाला रस्त्याची वीस वर्षांची सवय, दुसरीनं अजून क्लचवर पायही ठेवलेला नाही.

दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. रोज कामावर जाणाऱ्याला कमी खर्चाची, गर्दीत सहज वळणारी आणि बिघडली तर नाक्यावरच्या गॅरेजातही दुरुस्त होणारी गाडी हवी. नवशिक्याला चूक पोटात घालणारी गाडी हवी. पहिली मागणी बाजारातली जवळजवळ प्रत्येक छोटी गाडी पुरी करते. दुसरी मागणी मोजक्याच गाड्या पुरी करतात आणि त्याही ठरावीक सालानंतरच्या. म्हणून गाड्यांची यादी करायला बसलात की सुरुवात दुसऱ्या चालकापासून करावी.

पूर्वी हे सोपं का होतं

गाडी बापाकडून मुलाकडे जाणं महाराष्ट्रात नवं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनीसाठी लोक नंबर लावून थांबत. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी विकायचा विचार कोण करणार? १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली आणि ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या त्या इंजिनावर पुढच्या तीस वर्षांत असंख्य घरांतली मुलं गाडी शिकली. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

त्या गाडीत एअरबॅग नव्हत्या, एबीएस नव्हतं, आणि तरी ‘आम्ही नाही का शिकलो?’ असा प्रश्न आजही विचारला जातो. शिकलो, कारण गाडीला धावण्याची ताकद कमी होती आणि रस्त्यालाही वेग नव्हता. ८०० च्या बहुतेक आवृत्त्यांची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या खाली होती. आज सर्वांत साध्या गाड्यांत मोडणाऱ्या ऑल्टो के-१० ची पासष्टच्या वर आहे, आणि वजन ८०० पेक्षा साधारण शंभर किलोनंच जास्त. आठशेवर शिकलेला मुलगा गावाबाहेर पडायचा तो दुपदरी रस्त्यावर, एसटीच्या मागे. आज शिकलेल्या मुलासमोर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे आणि तिथे सपाटीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. छोटी गाडी स्वस्त आहे म्हणून ती संथही असेल, हा समज आता सोडून द्यायला हवा.

वयाचं गणित

मोटार वाहन कायद्याप्रमाणे कार चालवण्याचं वय १८ आहे. लर्निंग लायसन्सही त्याआधी मिळत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा, आणि आपल्या रस्त्यांवरच्या स्कूटर बहुतेक ११० ते १२५ सीसीच्या. त्यामुळे अकरावीतला मुलगा क्लासला ॲक्टिव्हा घेऊन जातो तेव्हा तो नियमानं चालवत नसतोच.

२०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलेलं १९९-अ हे कलम प्रत्येक पालकानं वाचावं. अल्पवयीन मुलानं वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मुलानं आपल्या नकळत गाडी नेली किंवा त्याला अडवायला आपण सगळी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे. मुलाला सुरुवातीला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीची देशभर चर्चा झाली. त्याच्या वडिलांवरही गुन्हा दाखल झाला, याची चर्चा मात्र त्या मानानं कमी झाली. सोसायटीच्या आवारात, रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर, गावाकडच्या शेतवाटेवर ‘जरा हात बसू दे’ म्हणून चावी देणाऱ्यांनी ही बाजू लक्षात ठेवावी.

अठरा हा आकडा पक्का म्हटल्यावर बाकीचं गणित सोपं होतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि २०२२ पासून त्याचं शुल्कही बरंच वाढलं आहे. मूल बारा वर्षांचं असताना नवी गाडी घेतली तर ती त्याच्या हाती येईल सहा वर्षांची होऊन, नोंदणीची नऊ वर्षं शिल्लक ठेवून. तेव्हाच पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली तर हाती येताना ती अकरा वर्षांची असेल आणि शिल्लक चारच वर्षं. आठ वर्षांची जुनी गाडी घेतलीत तर मुलाच्या लायसन्सवरची शाई वाळेपर्यंत तुम्ही आरटीओच्या रांगेत उभे राहाल. म्हणून ‘जुनी किती स्वस्त मिळाली’ याबरोबर ‘हाती देईन तेव्हा ती किती वर्षांची असेल’ हेही कागदावर लिहावं.

२०१९ आणि २०२२ या दोन रेघा

सेकंडहँड बाजारात गाडीचं साल पाहतात ते किंमत पाडून मागण्यासाठी. नवशिक्यासाठी गाडी घेताना साल पाहायचं ते वेगळ्या कारणानं. भारतात छोट्या गाड्यांच्या सुरक्षिततेचे नियम अलीकडे टप्प्याटप्प्यानं बदलले आणि प्रत्येक बदलानं बाजारातल्या गाड्यांत एक रेघ ओढली.

पहिली रेघ २०१९ ची. त्या वर्षी एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना एबीएस सक्तीचं झालं. जुलैपासून चालकाची एअरबॅग, सीट बेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा हेही आलं. वेगाचा इशारा ताशी ८० च्या पुढे अधूनमधून वाजतो आणि १२० च्या पुढे थांबतच नाही. मोठ्यांना ही टिकटिक नकोशी वाटते. अठरा वर्षांच्या मुलाशेजारी आई-बाप नसतील तेव्हा तीच काय ती बोलणारी असते.

दुसरी रेघ १ जानेवारी २०२२ ची. त्या तारखेपासून आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांनाही पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या. त्याआधीच्या छोट्या गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग टॉप मॉडेलमध्ये असे, बेस मॉडेलमध्ये अनेकदा नसे. म्हणून २०१८ ची ‘एकदम कंडिशनमधली’ गाडी बघायला गेलात तर सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमकडे नंतर पाहा. आधी स्टिअरिंगवर आणि शेजारच्या डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण आहे का ते पाहा, आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का तेही पाहा. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, दोन्ही वाईट. बाहेरून सीट कव्हर चढवलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. साइड एअरबॅग सीटच्या कडेतून उघडते आणि तिथे जाड कव्हर ताणून बसवलं असेल तर तिची वाट अडते.

तिसरी रेघ इंधनाची आहे, एप्रिल २०२३ ची. तेव्हापासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालेल अशा सुट्या भागांसह येतात. त्याआधीच्या बहुतेक गाड्या १० टक्क्यांच्या हिशेबानं बनल्या होत्या, आणि पंपावर आता ई-२० च मिळतं. जुनी गाडी लगेच बंद पडणार नाही. पण ॲव्हरेज थोडं उतरतं, आणि वर्षं जातील तसं रबरी पाइप, सील यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

विम्यासाठी धरल्या जाणाऱ्या किमतीचा, म्हणजे आयडीव्हीचा, तक्ता पाहिला तर दोन-तीन वर्षांच्या गाडीची घट ३० टक्के धरतात, तीन-चार वर्षांच्या गाडीची ४०, आणि चार-पाच वर्षांच्या गाडीची ५०. बाजारभाव अगदी तसाच चालत नाही, पण उतार कुठे तीव्र आहे ते त्यावरून कळतं. पहिल्या मालकानं ती घट सोसलेली, तिन्ही रेघांच्या अलीकडची, तीनेक वर्षं वापरलेली गाडी हा या कामासाठी सर्वांत किफायतशीर सौदा ठरतो. नवी घेणाऱ्यांसाठीही परिस्थिती सुधारली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मात्र शोरूमची किंमत आणि ऑन रोड किंमत यांत महाराष्ट्रात मोठं अंतर असतं, कारण दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर आधीच भरावा लागतो.

तारे कसे वाचायचे

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं अडथळ्यावर आदळून पाहिल्या. ऑल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो, पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्याच पोलोची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली तेव्हा तिला चार मिळाले. फरक एकट्या एअरबॅगनं पडला असं मात्र नाही. पोलोचा सांगाडा धक्क्यात टिकला होता, म्हणून एअरबॅगला काम करायला जागा राहिली. सांगाडाच चेपणार असेल तर एअरबॅग उघडूनही फारसा उपयोग होत नाही. ‘सहा एअरबॅग’ हे जाहिरातीतलं वाक्य ऐकलं की सांगाड्याचं काय, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

त्या चाचण्यांनंतर चित्र बदललं. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. जानेवारी २०२० मध्ये अल्ट्रोझला पाच आणि टियागोला चार मिळाले, तर २०२१ मध्ये पंचला पाच. दुसरीकडे २०२३ मध्ये ऑल्टो के-१० ला दोन आणि वॅगन-आरला एक तारा मिळाला. ही तुलना सरळ मात्र नाही, कारण जुलै २०२२ पासून चाचणी कडक झाली. बाजूनं बसणारा धक्का, पादचाऱ्यांची सुरक्षा आणि गाडी घसरू न देणारी ईएससी प्रणाली यांनाही त्यात वजन मिळालं. २०२० चे चार तारे आणि २०२३ चे दोन तारे एकाच परीक्षेतले नाहीत. तारे वाचताना चाचणीचं साल, गाडीची आवृत्ती आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगळे तारे हे तिन्ही पाहावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे.

अगदी स्वस्त गाड्यांतही अलीकडे सुधारणा झाल्या. २०२४ मध्ये ऑल्टो के-१० मध्ये ईएससी सगळ्या आवृत्त्यांत आलं आणि २०२५ मध्ये सहा एअरबॅगही. नवशिक्यासाठी यातली ईएससी जास्त मोलाची, असं माझं मत आहे. एअरबॅग धडक झाल्यावर कामाला येते, ईएससी धडक होऊ नये म्हणून. पहिल्या पावसात ऑइल सांडलेल्या वळणावर नवा चालक घाबरून ब्रेक दाबतो आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवतो. त्या क्षणी ही प्रणाली एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी वाटेवर ठेवायचा प्रयत्न करते. जुन्या गाडीत ती आहे का, हे विचारणारा ग्राहक क्वचित भेटतो, त्यामुळे विकणारा तिचे वेगळे पैसेही लावत नाही.

हे सगळं असूनही सर्वांत स्वस्त उपाय पट्ट्याचाच आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात सीट बेल्ट न लावल्यानं दगावलेल्यांची संख्या १६,७१५ आहे, आणि त्यांत जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरचे दोघे गेले. गाडी महाग होती, पण मागे पट्टा लावलेला नव्हता. मित्रांना मागे बसवून निघणाऱ्या मुलाला हा नियम आधी शिकवावा, गिअर नंतर.

रोजचा खर्च आणि सीएनजीचा मोह

आता पहिल्या चालकाकडे वळू. समजा कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन दिवसाला चाळीस किलोमीटर पडतात आणि महिन्याचे चोवीस दिवस गाडी जाते. म्हणजे ९६० किलोमीटर. कंपनी कितीही सांगो, सिग्नल आणि वाकडच्या गर्दीतून छोटी पेट्रोल गाडी लिटरमागे सोळाच्या आसपास देते असं धरू. साठ लिटर लागले. १०५ रुपयांच्या भावानं ६,३०० रुपये झाले. सीएनजीवर तीच गाडी किलोमागे चोवीस देते असं धरलं तर चाळीस किलो, नव्वदच्या भावानं ३,६०० रुपये. महिन्याला २,७०० रुपये वाचले. सीएनजी मॉडेलसाठी ९५ हजार जास्त मोजले असतील तर ते तीन वर्षांच्या आत फिटतात.

पण दिवसाला पंधरा किलोमीटरच जात असाल तर बचत महिन्याला हजाराच्या घरात येते आणि तेच ९५ हजार फिटायला जवळजवळ आठ वर्षं लागतात. तोवर गाडी मुलाच्या हातात गेलेली असेल, आणि त्याचं धावणं रोजच्या ऑफिसइतकं नसेल. म्हणजे सीएनजीचा निर्णय तुमच्या ऑफिसच्या अंतरावर सोडावा, मुलाच्या भविष्यावर नको.

आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. टाकी डिकी खाते, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घेणं बंधनकारक आहे. जुनी सीएनजी गाडी घेताना शेवटच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा आणि बाहेरून बसवलेलं किट असेल तर ते आरसीवर चढलं आहे का ते तपासा. आरसीवर नसलेलं किट म्हणजे विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

इलेक्ट्रिक गाडी रोजच्या चाळीस किलोमीटरला उत्तम बसते, सोसायटीत स्वतःच्या पार्किंगपर्यंत मीटर आणता येत असेल तर. टियागो ईव्हीसारख्या गाड्यांना बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची मिळते. बारा वर्षांच्या मुलासाठी घेतलेली अशी गाडी त्याच्या हाती येईल तेव्हा हमीची दोन वर्षं उरतील. शिवाय इलेक्ट्रिक मोटारीची ओढ पाय ठेवताच मिळते, आणि नव्या पायाला तिचा अंदाज यायला वेळ लागतो. वाहन पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी, म्हणजे दोन-तीन वर्षांत द्यायचं असेल, तर हा पर्याय जास्त जमतो.

शिकणाऱ्याच्या हाताला

ऑल्टो के-१० ची लांबी ३,५३० मिलिमीटर आणि वळण घ्यायची त्रिज्या साडेचार मीटर. पेठेतल्या बोळात किंवा दादरच्या बाजारात हे आकडे दोन्ही चालकांना उपयोगी. पण नवशिक्याला त्यापेक्षाही बसल्यावर बाहेर काय दिसतं ते महत्त्वाचं असतं. उंच बसणं, मोठ्या काचा, मागची काच रुंद, पुढचा खांब फार जाड नसणं. टेस्ट ड्राइव्हला गेल्यावर सीट पुढे-मागे आणि वर-खाली करून घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या माणसाला बसवून पाहा. बेस मॉडेलमध्ये सीट वर-खाली होत नाही, आणि पाच फूट उंचीची मुलगी उशी घेऊन गाडी चालवू लागते. धडकेच्या वेळी तीच उशी तिला पट्ट्याखालून पुढे सरकू देते.

गिअरचा प्रश्न घरोघरी वादाचा आहे. २०१४ मध्ये सेलेरिओनं स्वस्त एएमटी आणली आणि क्लचच्या पायाला सुट्टी मिळाली. गर्दीच्या शहरात एएमटी रोजच्या चालकाला आराम देते आणि नवशिक्याचं डोकं रस्त्यावर ठेवते. याउलट आपल्याकडे भाड्याच्या, मित्राच्या, मामाच्या गाड्या अजून बहुतेक गिअरच्या असतात, आणि हाफ क्लचवर गाडी धरता न येणारा मुलगा अडचणीच्या वेळी दुसऱ्याची गाडी हलवू शकत नाही. माझा कौल असा की गिअरची गाडी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकावी, पक्कं लायसन्स गिअरच्या गाडीवर घ्यावं, आणि घरची गाडी रोजच्या चालकाच्या सोयीनं निवडावी. घाटात एएमटी घेणाऱ्यांनी हिल होल्ड आहे का ते पाहावं. खंबाटकीच्या चढावर पुढची गाडी थांबली की त्याची गरज कळते.

जुनी गाडी तपासताना

‘सिंगल हँड, शोरूम मेंटेन’ या शब्दांवर विसंबू नये. गाडीचा नंबर टाकून परिवहनच्या साइटवर मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, ते दिसतं. ई-चलन वेगळं तपासावं. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. सर्व्हिसच्या नोंदीतले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का ते पाहावं. पन्नास हजार पळालेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर मीटर खरं बोलत नाही.

पुरात बुडालेल्या गाड्या हा महाराष्ट्रातला खास धोका आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई असो की ऑगस्ट २०१९ चं कोल्हापूर-सांगली, पाणी ओसरलं की अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या शहरात विकायला जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर परत फिरा. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या, गालिच्याखाली वास, हेडलाइटच्या आत धुकं, हीही तीच कहाणी सांगतात. टायरवर छापलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच खोल असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरचं रबर कडक होतं आणि पावसात पकड सुटते. चार टायर नवे घ्यायचा खर्च सौद्यातच धरावा. ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेऊन गाडी वर उचलून पाहणं या सगळ्यापेक्षा स्वस्त पडतं.

चावी देताना

मूल अठराचं झालं की गाडी त्याच्या नावावर करावी का? घाई नको. आपल्याकडे विमा मुख्यतः गाडीला लागलेला असतो, आणि वैध लायसन्स असलेला घरातला कुणीही ती चालवू शकतो. नाव बदललं की वर्षानुवर्षं क्लेम न करून साठवलेला, ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही. तो माणसाचा असतो. गाडी आपल्या नावावर ठेवण्याची किंमतही आहे. मुलाकडून अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून तुमचं नाव येतं. विमा चालू आणि लायसन्स वैध असेल तर तो भार कंपनी उचलते. विमाच चालू नसेल तर सगळा भार मालकावर येतो, आणि लायसन्स वैध नसेल तर कंपनी पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून गाडी द्यायच्या वर्षी विम्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर ठेवावी. इंजिन हजार सीसीच्या आत असेल तर थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक दरही कमी असतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तो २,०९४ रुपये आहे, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६.

लर्निंग लायसन्सनंतर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. एक महिना आणि आठ आकडा काढून झाला की मुलगा कायद्याच्या दृष्टीनं तुमच्याइतकाच चालक. मधली पायरीच नाही. न्यूझीलंडनं १९८७ मध्ये टप्प्याटप्प्यानं परवाना देण्याची पद्धत सुरू केली. नव्या चालकाला काही काळ रात्री एकट्यानं गाडी चालवायला आणि बरोबर मित्र बसवायला बंदी असते, आणि ती पुढे हळूहळू उठते. आणखीही अनेक देशांनी हे उचललं, कारण नवशिक्याला रात्र आणि शेजारची टोळी या दोन गोष्टी सर्वांत महागात पडतात. आपला कायदा हे करत नाही, म्हणून घरानं करावं. पहिले तीन महिने शेजारी मोठं माणूस. पुढचे सहा महिने एकटं, पण दिवसाउजेडी आणि शहरातच. मग एक सहप्रवासी. पहिला पावसाळा आणि पहिला घाट पुन्हा मोठ्यांसोबत. हे नियम चावी देण्याच्या दिवशी सांगितले तर भांडण होतं. गाडी घेतानाच, मूल बारा-तेरा वर्षांचं असताना सांगितले तर ते घरच्या रीतीसारखे अंगवळणी पडतात.

आणि द्यायची वेळच आली नाही तर

या सगळ्या आखणीत एक शक्यता बहुतेक घरं विसरतात. बारावीनंतर मुलगा दुसऱ्या शहरात हॉस्टेलला जाईल, मुलीला मेट्रो आणि लोकल पुरेशी वाटेल, किंवा सहा वर्षांत गाडीच थकेल. मुलाच्या नावानं घेतली म्हणून ती त्याच्या गळ्यात बांधू नये. त्याच्या अठराव्या वर्षी गाडी पुन्हा एकदा परक्याच्या नजरेनं तपासावी आणि त्या दिवशीच्या नव्या नियमांशी ताडून पाहावी. त्यात ती उणी पडत असेल तर विकून नव्या रेघेच्या अलीकडची घ्यावी. पुन्हा विकताना भाव देणारी, सुटे भाग तालुक्यापर्यंत मिळणारी गाडी निवडण्याचं कारण इथे कळतं.

तेव्हा शोरूममध्ये किंवा डीलरच्या आवारात उभे असाल तर क्रम असा ठेवा. आधी साल आणि सांगाडा, मग ईएससी आणि एअरबॅग, मग चालकाला बाहेर काय दिसतं ते, आणि त्यानंतर ॲव्हरेज. या गाळणीतून उरलेल्या तीन-चार गाड्यांपैकी रोजच्या ऑफिसला सर्वांत कमी खर्चात नेणारी कुठली, ते खुशाल तुमच्या खिशानं ठरवावं. टच स्क्रीन, सनरूफ आणि अलॉय व्हीलचे पैसे वाचले तर त्यातून पहिल्या वर्षी चांगल्या ड्रायव्हिंग स्कूलची फी आणि सहाव्या वर्षी चार नवे टायर सहज निघतात.